हवेला उतार लागत नाही

डहाणू तालुक्यात धूळ हा विषय फार वरच्या पातळीवर हाताळला जातो. 20 जून 1991 ला केंद्र सरकारने अधिसूचना काढून हा तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक ठरवला. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून तालुक्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमलं गेलं आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. औष्णिक वीजकेंद्राच्या चिमणीतून काय काय बाहेर पडतं याचा या प्राधिकरणाने असा काही पिच्छा पुरवला, की अखेर 2007 मध्ये तिथे धुरातलं गंधक धुऊन काढणारी यंत्रणा बसली. एका तालुक्याच्या हवेसाठी एवढी माणसं आणि एवढे कागद! असं भाग्य फार कमी तालुक्यांच्या वाट्याला येतं.

मागच्या पडवीत लाकूडकाम करणाऱ्या हौशी माणसाच्या भुशासाठी मात्र प्राधिकरण नाही. म्हणजे कागदोपत्री नाही. प्रत्यक्षात कुंपणापलीकडच्या काकू असतात.

आमच्या सरांच्या कुंपणापलीकडे अशा काकू आहेत. सर गणिताचे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांचे कोन मोजले, आता निवृत्त झाल्यावर पाट, स्टुलं आणि देव्हारे यांचे कोन मोजतात. आमच्याकडे या छंदाला हवामान फार पोषक. पडव्या ऐसपैस, वेळ मुबलक आणि लाकूड दारात. घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते फळाला. लाकडाची चौकशी कोणी केली नाही. त्यामुळे वाडीतलं एखादं म्हातारं झाड वादळात आडवं झालं की मालक स्वतःच सरांना निरोप धाडतो. हे लाकूड लालसर, घट्ट आणि असं जड की उचलताना कमरेचा मणका हजेरी लावतो. वर त्याचा भुसा नाकाला झोंबतो. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांतही तशी नोंद आहे. सरांच्या घरी ती शिंकांनी सिद्ध झाली.

काकू घरगुती चिकूच्या चिप्स करतात. अंगणात जाळीखाली फोडी वाळत घातलेल्या असतात. सरांनी रंधा मशीन सुरू केलं की पश्चिमेचा वारा आपलं काम चोख बजावतो.

"सर," एकदा काकू कुंपणाशी आल्या, "चिकूच्या चिप्सवर चिकूचाच भुसा पडतो. पाकिटावर काय लिहू? डबल चिकू?"

सरांनी भुसा ओढून घेणारा डस्ट कलेक्टर घ्यायचं ठरवलं ते त्या दिवशी. तसं त्यांनी याआधी वाचलं होतं की लाकडाच्या धुळीला कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 1995 मध्येच माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात बसवलं आहे. पण आंतरराष्ट्रीय संस्था कुंपणाशी येऊन उभी राहत नाही.

यंत्र आलं. दोन हॉर्सपॉवरची मोटर, वर कापडी पिशवी, खाली प्लास्टिकची, पुढे चार इंची तोंड. पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा फळीवरची भांडी थरथरली आणि आजूबाजूच्या चार घरांतली माणसं अंगणात येऊन उभी राहिली. त्यांची चूक नव्हती. 2018 च्या नोव्हेंबरपासून धुंदलवाडी-तलासरीच्या बाजूला जमिनीने जे हादरे द्यायला सुरुवात केली, तेव्हापासून इकडच्या माणसाला भांडं वाजलं की उंबरठा ओलांडायची सवय लागली आहे. सरांनी मोटरीखाली जाड रबर घातलं आणि घरोघरी जाऊन सांगून आले, "भूकंप नाही, मी आहे."

हौशी माणूस यंत्र घेताना हॉर्सपॉवर विचारतो, वॉरंटी विचारतो, रंगही विचारतो. यंत्रापासून करवतीपर्यंत हवा कशातून जाणार, हे विचारायचं त्याला सुचत नाही. पैसे संपल्यावर सुचतं. पाइपाची खरेदी म्हणूनच नेहमी स्वस्तातली असते आणि स्वस्तातली खरेदी म्हटली की तिच्यात सल्लागार फार.

पहिला सल्ला आला तो लवचिक पाइपाचा. तारेच्या वेटोळ्यावर प्लास्टिक चढवलेला, ओढला की लांबतो, सोडला की आखडतो. एकाच पाइपात सगळं घर फिरून या, कुठे जोड नको, कुठे वळण नको. दिसायला सोपं. पण त्याच्या आतल्या वळ्यांवर हवा अडखळते. गुळगुळीत पाइपाच्या मानाने तिचा जोर दुपटी-तिपटीने खर्च होतो. दोन खिळ्यांच्या मधे पाइप झोळ घेतो आणि त्या झोळात भुसा मुक्कामाला राहतो. शिवाय वाडीतल्या उंदरांना नवीन प्लास्टिकची चव बघायची असते. सरांनी तो शेवटच्या हातभर अंतरापुरता मंजूर केला. मशीन पुढेमागे सरकवायचं तर तेवढा ढिलेपणा लागतोच.

दुसरा सल्ला पत्र्याचा. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचे गोल डक्ट, एसीवाले लावतात तसे. मोठ्या कारखान्यांत हेच असतं आणि तेच योग्य. पण पत्र्याचा भाव किलोवर, वळवायची मजुरी वेगळी, प्रत्येक फांदी मापाने बनवून घ्यायची ती आणखी वेगळी. त्यात आमची हवा खारी. समुद्राजवळ राहणाऱ्याच्या घरी बिजागऱ्यासुद्धा गंजून रडतात, तिथे पातळ पत्र्याला किती दिवसांचं आयुष्य लिहून द्यायचं?

तिसरा पर्याय उरला तो पीव्हीसीचा. सरळ सांगायचं तर सांडपाण्याचा पाइप.

आता पाइप आणायचा कुठून? डहाणूचा माणूस महत्त्वाची खरेदी डहाणूत करत नाही. तो तलासरीला जातो. तलासरीचा माणूस आच्छाडचा नाका ओलांडून वापीला जातो. वापीचा व्यापारी म्हणे मुंबईहून मागवतो आणि तो माल आमच्या दारावरून महामार्गाने वर जातो. पूर्वी दोन राज्यांच्या विक्रीकरात फरक होता तेव्हा या यात्रेला काही अर्थ होता. 1 जुलै 2017 पासून जीएसटी आला आणि कर दोन्हीकडे सारखा झाला. श्रद्धेला मात्र जीएसटी लागू होत नाही. "वापीला स्वस्त मिळतं" हे वाक्य आजही आमच्याकडे तितक्याच ठामपणे म्हटलं जातं आणि म्हणणाऱ्याने बहुधा वापीच्या गाडीभाड्याचा हिशेब केलेला नसतो. सरांनी केला. वापीत पाइप नगामागे थोडा स्वस्त पडत होता. वीस फुटांचे नग आणायला छोटा हत्ती करावा लागत होता. आणि हत्तीचं भाडं फरकाच्या कितीतरी पुढे जात होतं. आम्ही तलासरीवर थांबलो.

तलासरीच्या दुकानात शेठ गादीवर होते. मागे निळे, करडे, पांढरे पाइप छताला टेकलेले.

"बोला सर. किती संडास?"

"संडास नाही. भुसा."

शेठनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

"भुसा मग पाण्यातून नेणार?"

"हवेतून."

"हवेतून." शेठनी आतल्या पोराला हाक मारली. "अरे, सरना व्हेंट पाइप दाखव. वरची जाळीवाली टोपी पण आण."

सर पिशवीतून चष्मा काढून पाइपावरचा छापील मजकूर वाचायला लागले. इथे त्यांचं शिक्षकपण कामी आलं, कारण हा मजकूर आम जनता कधी वाचत नाही. आयएस 13592 या मानकात या पाइपांचे दोन प्रकार आहेत. ए टाइप पातळ, हवा खेळती ठेवण्यासाठी आणि पावसाच्या पाण्यासाठी. बी टाइप जाड, मैला आणि सांडपाण्यासाठी. एकशे दहा मिलिमीटरच्या पाइपात ए टाइपची जाडी दोन मिलिमीटरच्या थोडी वर, बी टाइपची तीनच्या वर. वजन कमी, म्हणून किंमतही कमी.

"बी घ्या, सर," शेठ म्हणाले. "आयुष्यभर बघायला नको."

"शेठ, माझ्या भुशाचं वजन ए ला पेलवतं."

"पण मजबुती?"

"त्यावर मी चढणार नाही. आतून फक्त हवा जाणार."

शेठना हे पटलं नाही, पण त्यांनी ए काढला. "लई जाव ने, सर," म्हणाले, "मास्तरांपुढे आपण कशाला बोला."

मग सरांनी दुकानातल्या गर्दीसमोर वर्तुळाच्या क्षेत्रफळाचा तास घेतला. चार इंची पाइपाचं तोंड साडेबारा चौरस इंच, सहा इंचीचं अठ्ठावीसच्या वर. व्यास दीडपट, पण तोंड सव्वादोनपट. लाकडाचा भुसा न बसता वाहून न्यायचा तर हवेचा वेग मिनिटाला साधारण चार हजार फूट लागतो. म्हणजे चार इंची पाइपातून मिनिटाला साडेतीनशे घनफूट हवा, सहा इंचीतून पावणेआठशेच्या वर. "मग सहा इंची घ्या ना," बोअरवेलची केसिंग घ्यायला आलेला एक शेतकरी म्हणाला. सरांनी त्याला शाबासकी दिली आणि पुढचा धडा घेतला. मशीनचं तोंडच चार इंची असेल तर तिथून आत येणारी हवा तेवढीच. तीच हवा सहा इंची पाइपात शिरली की ऐसपैस होते, आळसावते, आणि भुसा आडव्या पाइपात खाली बसतो. यंत्राच्या खोक्यावर बाराशे-पंधराशे घनफूट छापलेलं असतं, पण तो आकडा बहुतेक वेळा पाइप न जोडता मोजलेला असतो. पाइप जोडला, दोन वळणं दिली, की त्यातला बराच आकडा खोक्यावरच राहतो. एका वेळी एकच मशीन चालवणाऱ्या घरगुती सुताराला एकशे दहाचा पाइप पुरे.

शेतकरी केसिंग न घेताच गेला. क्षेत्रफळावर विचार करून परत येतो म्हणाला.

घरी आल्यावर पाइपाच्या राजकारणातला खरा पेच समोर आला. एकशे दहा हे या पाइपाचं बाहेरचं माप. आतून तो साधारण एकशे पाच. यंत्राचं तोंड शंभर. मशीनचं तोंडही शंभर. व्यासातल्या पाच मिलिमीटरच्या त्या फरकातून सगळी हवा फुकट आत शिरणार. परदेशी बनावटीचे अडॅप्टर मिळतात, पण एका अडॅप्टरच्या किमतीत इकडे लांबलचक पाइप येतो. सरांनी सायकलच्या दुकानातून फाटकी ट्यूब मागून आणली, तिच्या पट्ट्या काढल्या आणि त्या शंभरच्या तोंडावर घट्ट गुंडाळून वर एकशे दहाचा पाइप दाबून बसवला. फुकटचा माल, घट्ट जोड, वर कंपनाचा आवाजही कमी. मराठी माणसाच्या घरात सायकलची ट्यूब कधी वाया जात नाही, हे पुन्हा सिद्ध झालं.

पाइप लटकवायला मिस्त्री बोलावले. मिस्त्री अनुभवी. डहाणूतली कितीतरी न्हाणीघरं त्यांच्या हातची. त्यांनी लेव्हल पट्टी काढली, पाइपाला लावली आणि म्हणाले, "सर, उतार कुठाय?"

"हवेला उतार लागत नाही."

"पण भुसा कसा उतरणार?"

"उतरायचा नाही. ओढला जाणार."

मिस्त्रींनी मान डोलावली आणि सर चहाला आत गेल्यावर उतार दिला. पुढे त्यांनी विचारलं, ट्रॅप कुठे टाकायचा? ट्रॅप नसेल तर वास येणार. सर म्हणाले, चिकूच्या लाकडाचा वास आला तर मला हवाच आहे. मग टी बसवायची वेळ आली. इथे मात्र सर उठून उभे राहिले. टी हवेला काटकोनात वळवते, हवा भिंतीवर आपटते. त्याऐवजी वाय घ्यायचा, पंचेचाळीस अंशांतून अलगद मिळणारा. आणि काटकोनातलं वळण हवंच असेल तर पंचेचाळीसचे दोन बेंड मधे हातभर सरळ पाइप ठेवून जोडायचे. एक आखूड एल्बो हवेला पाच-दहा फूट सरळ पाइपाइतका जड पडतो. मिस्त्रींनी वाय घेतला खरा, पण सवयीने त्याचं तोंड खाली पाणी जाईल असं फिरवलं. सरांनी ते उलटं करून घेतलं. पाणी घरातून बाहेर जातं, इथे भुसा यंत्राकडे यायचा असतो. वायचा कल हवेच्या जाण्याच्या दिशेने हवा. मिस्त्रींनी आयुष्यात प्रथमच वाय उलटा बसवला आणि घाम पुसला.

शेवटी ते म्हणाले, "आता पाणी भरून लिकेज बघतो."

सर पडवीच्या दारात दोन्ही हात पसरून उभे राहिले. मग देवघरातून उदबत्ती आणली. यंत्र चालू ठेवून एकेका जोडाजवळ उदबत्ती फिरवायची. धूर आत ओढला गेला तिथे गळती. हे मिस्त्रींना फार आवडलं. आता ते म्हणे गिऱ्हाइकांकडे पाण्याच्या पाइपावरही उदबत्ती फिरवतात. गळती सापडत नाही, पण गिऱ्हाईक हात जोडून उभं राहतं. जोड सरांनी सॉल्व्हंटने चिकटवू दिले नाहीत. वर फॉइलची टेप, बस. मशीन उद्या दुसऱ्या भिंतीला गेलं तर पाइप सुटायला हवा.

तेवढ्यात सरांचा भाचा आला. तो वापीच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला. केमिकलवाला माणूस, प्रत्येक गोष्टीत स्फोट बघतो. "मामा, पीव्हीसीत स्थिर वीज तयार होते. ठिणगी पडली की संपलं." धुळीचे स्फोट होतात हे खरं. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या एका साखर कारखान्यात 2008 मध्ये साखरेच्या धुळीचा स्फोट झाला आणि 14 माणसं गेली. पण तिथे कारखानाभर साठलेली धूळ होती. सरांच्या पडवीत कोरड्या थंडीत पाइपाला हात लागला की चटका बसतो, एवढंच. पावसाळ्यात तर आमच्या हवेत इतकी ओल की स्थिर वीजही भिजून जाते. भाच्याने पाइपावर तांब्याची तार गुंडाळायचा आग्रह धरला. प्लास्टिक वीज वाहूच देत नाही, मग बाहेरच्या तारेने आतली वीज कशी काढणार, असं सरांनी विचारलं. भाचा गप्प झाला. खरी भीती वेगळीच आहे: लाकडात राहिलेला खिळा कापला गेला, त्याची ठिणगी यंत्राच्या पंख्यावर आपटून पिशवीतल्या भुशात गेली, आणि तो भुसा रात्रभर आतल्या आत धुमसला. म्हणून सर जुनं लाकूड लोहचुंबकाने तपासतात आणि काम संपलं की पिशवी रिकामी करून अंगणात ठेवतात. तार घेतली असती तर जेवढे पैसे गेले असते, त्यात दोन लोहचुंबक आले.

एवढं सगळं झाल्यावर आम्ही तलासरीजवळच्या एका भातगिरणीत गेलो, भात कांडायला. गिरणीत शिरलो आणि सर थबकले. हलरच्या डोक्यावरून पत्र्याचा पाइप निघालेला, एकच वळण घेऊन सरळ बाहेर गेलेला. बाहेर नरसाळ्यासारखा सायक्लोन. तूस त्यात गोल फिरून खाली ढिगावर पडतंय, हवा वरून निघून जातेय. ना पिशवी, ना फिल्टर, ना आयएस क्रमांक. किती वर्षांचा कुणास ठाऊक, जागोजाग ठिगळं, पण आत तुसाचा एक कण नाही.

सरांनी मालकांना विचारलं, "पाइप इतका आखूड का ठेवलात?"

मालक तराजूवरून मान न उचलता म्हणाले, "लांब केला की मोटर रडते. मागे गिरणी तिकडच्या भिंतीला होती. मी पाइप नाही वाढवला. गिरणी हलवली."

सर घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना बोलावून त्यांनी अर्धा पाइप उतरवला. सर्वांत जास्त भुसा करणारं रंधा मशीन यंत्राच्या शेजारी आणलं, करवत त्याच्यापुढे, आणि ड्रिल, जे जेमतेम चिमूटभर भुसा करतं, ते पार टोकाला. वळणं उरली दोन. प्रत्येक फांदीवर प्लायच्या दोन तुकड्यांमधे सरकणारी अ‍ॅक्रिलिकची झडप बसवली; जे मशीन चालू त्याची झडप उघडी, बाकी बंद. उतरवलेला पाइप काकूंनी कारल्याच्या मांडवाला नेला.

काकूंची तक्रार संपली का? तक्रारीने रूप बदललं. आता त्या कुंपणाशी येऊन विचारतात, "सर, आज मशीन नाही चालवलं? कोंबड्यांखाली पसरायला भुसा संपला."

घरी लाकूडकाम करणाऱ्यांनी यातून एवढंच घ्यावं. पाइपाच्या दुकानात जायच्या आधी एक दिवस मशीन हलवण्यात घालवा. सर्वांत जास्त भुसा करणारं मशीन यंत्राला चिकटून ठेवा, काटकोनी वळणं टाळा, एकशे दहाचा ए टाइप पाइप बिनधास्त वापरा, लवचिक पाइप फक्त शेवटच्या हातभर अंतरासाठी ठेवा. आणि एवढं सगळं करूनही चांगला मास्क तोंडावर चढवा, कारण डोळ्यांना दिसत नाही तीच धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि ती कोणत्याही स्वस्त पाइपाने पूर्ण ओढली जात नाही. बाजारात सगळ्यांत स्वस्त पाइप कोणता, असं कोणी विचारलं तर उत्तर एकच आहे: जो विकत घ्यावाच लागला नाही तो.